हिवतापावरील लस : एका प्रथिनाची परीक्षा

रायपूरहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी धमतरी व कांकेर ही गावे मागे टाकून केशकालचा घाट चढून गेला, म्हणजे बस्तरच्या पठारावर येऊन पोहोचतो. सालवृक्षांचे दाट अरण्य, त्यातून वाहणारे ओढेनाले, भाताची खाचरे आणि विरळ वस्तीचे पाडे असे या प्रदेशाचे रूप आहे. पठाराच्या पश्चिमेस अबूझमाडचे डोंगर असून त्यांच्या पलीकडे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा मुलूख लागतो. राज्ये दोन असली, तरी अरण्य एकच आहे आणि त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेला हिवतापही एकच आहे.

जानेवारी २०२० मध्ये छत्तीसगढ शासनाने बस्तर विभागाच्या सात जिल्ह्यांत हिवतापाविरुद्ध एक मोठी मोहीम हाती घेतली. आरोग्यसेवक आणि ‘मितानिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या स्वयंसेविका घरोघर गेल्या. ताप असो वा नसो, घरातील प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो तपासण्यात आला. पहिल्या फेरीत सुमारे १४ लाख लोकांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ६४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात हिवतापाचे परोपजीवी आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना त्या वेळी ताप नव्हता. ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो औषधासाठी दवाखान्यात कसा येणार? आणि त्याच्या अंगणातील डास मात्र त्याचे रक्त पिऊन शेजारच्या बालकाला दंश करणारच.

अशा ठिकाणी मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : देवीच्या रोगाचे लसीने उच्चाटन झाले, पोलिओ आपल्या देशातून हद्दपार झाला, मग हिवतापावर लस का नसावी? या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यावयाचे, तर लस कशी तयार होते याबरोबरच तिची पारख कशी करतात, हेही समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत पाठात आपण भारतात तयार झालेल्या एका प्रथिनाची अशी परीक्षा पाहणार आहोत.

१. शत्रूची ओळख

हिवतापाचा परोपजीवी प्रथम १८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी वैद्याने माणसाच्या रक्तात पाहिला. पुढे १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तोच डासाच्या पोटात सापडला. माणसाला पीडा देणाऱ्या त्याच्या जातींपैकी भारतात दोन महत्त्वाच्या आहेत : प्लास्मोडियम फाल्सिपेरम आणि प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स. पहिली अधिक घातक असून बस्तरमध्ये तिचेच प्राबल्य आहे.

ॲनोफिलीस जातीच्या मादीने दंश केला, म्हणजे तिच्या लाळेबरोबर ‘स्पोरोझॉइट’ नावाच्या अवस्थेतील परोपजीवी रक्तात शिरतात आणि थोड्याच वेळात यकृतात जाऊन लपतात. फाल्सिपेरम तेथे सुमारे आठवडाभर वाढतो. या काळात रोग्याला काहीच जाणवत नाही. त्यानंतर यकृताच्या एकेका पेशीतून हजारो ‘मेरोझॉइट’ बाहेर पडतात. ते तांबड्या रक्तपेशींत घुसतात, तेथे वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात व नव्या पेशींवर तुटून पडतात. हे चक्र ४८ तासांचे असते आणि थंडी वाजून येणारा ताप याच अवस्थेत येतो.

देवीचा विषाणू आपले एकच रूप घेऊन शरीरात येत असे. हा परोपजीवी मात्र डासात एक, यकृतात दुसरे आणि रक्तात तिसरे असे वेष पालटतो. त्याच्यापाशी पाच हजारांहून अधिक जनुके आहेत. एका रूपाला ओळखणारे संरक्षण दुसऱ्या रूपापुढे निरुपयोगी ठरते. म्हणून लस तयार करणाराने पहिला निर्णय हा करावयाचा असतो, की शत्रूला कोणत्या वाटेवर गाठावे.

२. प्रथिनाची निवड

रक्तातील अवस्थेत परोपजीवीला गाठणे शक्य आहे, याचा पुरावा १९६१ साली मिळाला. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या देशात ज्या प्रौढ माणसांना वारंवार हिवताप होऊन अंगी प्रतिकारशक्ती आली होती, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन या संशोधकांनी वेगळी काढून आजारी बालकांना टोचली. बालकांच्या रक्तातील परोपजीवींची संख्या झपाट्याने उतरली. शरीर आपण होऊन जी प्रतिपिंडे अनेक वर्षे आजार सोसून तयार करते, ती लसीच्या द्वारे आधीच तयार करता आली, तर बालकाला तो आजार सोसावा लागणार नाही, ही आशा या प्रयोगाने निर्माण केली.

परंतु ही प्रतिपिंडे परोपजीवीच्या कोणत्या प्रथिनावर नेमका हल्ला करतात? मेरोझॉइट हा रक्तपेशीत सहजासहजी शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक रेणू असतात. त्यांना चिकटणारी प्रथिने मेरोझॉइटापाशी असतात. कुलपात किल्ली बसावी तसे दोन्हींचे आकार एकमेकांत बसले, म्हणजेच दार उघडते. ईबीए-१७५ या नावाचे प्रथिन ही अशीच एक किल्ली असून, तांबड्या पेशीवरील ग्लायकोफोरिन-ए हा रेणू तिचे कुलूप आहे. या मोठ्या प्रथिनाचा ‘एफ-२’ हा भाग कुलपाशी प्रत्यक्ष जोडला जातो, हे १९९४ साली उजेडात आलेल्या संशोधनाने दाखविले. त्या संशोधनात अमेरिकेत काम करणारे चेतन चिटणीस यांचा वाटा होता. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतलेले चिटणीस पुढे दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात आले आणि तेथे वीरेंदरसिंह चौहान प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी हिवतापाच्या लसीचे काम चालविले.

दिल्लीच्या या केंद्राने आपल्या लसीसाठी दोन तुकडे निवडले. एक वर सांगितलेला एफ-२. दुसरा एमएसपी-१ या प्रथिनाच्या शेवटच्या टोकाचा, १९ या अंकाने ओळखला जाणारा लहानसा तुकडा. एमएसपी-१ हे मेरोझॉइटाच्या अंगावरील मुख्य आवरण होय. पेशीत शिरताना परोपजीवी त्याचा बहुतेक भाग टाकून देतो, परंतु हा शेवटचा तुकडा अंगावर ठेवूनच आत जातो. किल्ली आणि आवरण अशा दोन ठिकाणी एकदम आघात करावा, असा यामागील विचार होता.

३. परोपजीवीवाचून त्याचे प्रथिन

आता हे प्रथिन मिळवावयाचे कसे? फाल्सिपेरम हा प्रयोगशाळेत मानवी रक्तावरच वाढतो. लक्षावधी मात्रांसाठी लागणारा परोपजीवी अशा रीतीने वाढविणे शक्य नाही. यासाठी पुनःसंयोजनाचे तंत्र उपयोगी पडते. प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. परोपजीवीच्या जनुकाचा हवा तेवढा भाग घेऊन तो ई. कोलाय या सूक्ष्मजंतूत किंवा यीस्टच्या पेशीत बसवितात. ती पेशी स्वतःच्या प्रथिनांबरोबर हे परके प्रथिनही घडवू लागते. परोपजीवी कोठेच नसतो. त्याचे एकच प्रथिन तेवढे हाती येते. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. यातून हिवताप होण्याची भीती अर्थातच नसते.

तथापि येथे एक अडचण येते. प्रथिन ही एक लांब साखळी असून ती विशिष्ट प्रकारे दुमडली, तरच तिला खरा आकार येतो. एफ-२ ई. कोलायमध्ये घडविले असता ते चुकीचे दुमडून त्याच्या गाठी बनत. या गाठी विरघळवून, साखळी पुन्हा सावकाश योग्य रीतीने दुमडू द्यावी लागली. दुमडणी बरोबर झाली की नाही, याची कसोटी सोपी आणि निर्णायक आहे : तयार झालेले प्रथिन तांबड्या रक्तपेशीला चिकटते काय? वाकडी किल्ली कुलपात बसत नाही. अशा वाकड्या किल्लीविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे केली, तरी ती खऱ्या किल्लीला ओळखणार नाहीत.

४. प्रयोगशाळेतील परीक्षा

शुद्ध प्रथिन एकटेच टोचले, तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून त्याच्याबरोबर एक साहाय्यक द्रव्य मिसळतात. या द्रव्यामुळे प्रतिकारयंत्रणा जागी होते. अशी लस प्रथम उंदीर, ससे इत्यादी प्राण्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे किती उतरली, हे मोजतात.

केवळ संख्या पाहून भागत नाही. ती प्रतिपिंडे काम करतात काय, हे पाहावे लागते. त्यासाठी काचपात्रात मानवी रक्तपेशींवर परोपजीवी वाढवितात. एका पात्रात लस टोचलेल्या प्राण्याची प्रतिपिंडे घालतात, दुसऱ्यात लस न टोचलेल्याची. परोपजीवीचे एक चक्र पूर्ण झाल्यावर दोन्हींतील परोपजीवी मोजतात. पहिल्या पात्रात ते कमी भरले, तर प्रतिपिंडांनी वाढ रोखली असे ठरते. या कसोटीला वाढ-निरोध कसोटी म्हणता येईल.

५. माणसांवरील पहिली परीक्षा

एफ-२ आणि एमएसपी-१ चा तुकडा यांच्या मिश्रणातून बनलेल्या लसीला ‘जयव्हॅक-१’ असे नाव देण्यात आले. तिची माणसांवरील पहिली परीक्षा भारतातच झाली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात १८ ते ४५ वर्षे वयाचे ४५ निरोगी पुरुष सहभागी झाले होते. त्यांचे तीन गट केले होते आणि गटागणिक प्रत्येक प्रथिनाची मात्रा १०, २५ व ५० मायक्रोग्रॅम अशी वाढत गेली. टोचणी तीन वेळा, म्हणजे आरंभी, २८ व्या दिवशी आणि १८० व्या दिवशी ठरविलेली होती. लहान मात्रेने अपाय होत नाही असे पाहिल्यावरच मोठीकडे वळावयाचे, हा अशा परीक्षांचा दंडक आहे. या पहिल्या पायरीवर मुख्य प्रश्न एकच असतो : लस निर्धोक आहे काय? ती रोग टाळते काय, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. कारण ४५ माणसांत त्याचे उत्तर मिळू शकत नाही.

निष्कर्ष असे निघाले. लस सुसह्य ठरली. कोणालाही गंभीर अपाय झाला नाही. एफ-२ विरुद्ध लस घेतलेल्या सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण झाली आणि मात्रा वाढविली तशी ती वाढली. त्या प्रतिपिंडांनी काचपात्रात परोपजीवीची वाढ लक्षणीय प्रमाणात रोखली. परंतु एमएसपी-१ च्या तुकड्याविरुद्ध मिळालेला प्रतिसाद अगदी दुबळा होता. म्हणजे दोन शिलेदारांपैकी एक कामाला आला, दुसरा आला नाही.

हे अपयश लपविले गेले नाही. एफ-२ पुढील लसीत ठेवावा आणि एमएसपी-१ च्या तुकड्याची घडण सुधारावी, असा निष्कर्ष संशोधकांनी स्वतःच मांडला. ‘नाही’ हेही विज्ञानात उत्तरच असते. ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणजे मागून येणाराचा तेवढा काळ आणि पैसा वाचतो.

६. प्रतिपिंडे म्हणजे संरक्षण नव्हे

काचपात्रात उत्तीर्ण झालेले प्रथिन गावात उत्तीर्ण होईलच असे नाही. केनियाच्या पश्चिम भागात एमएसपी-१ च्याच एका मोठ्या तुकड्यापासून बनविलेल्या लसीची परीक्षा ४०० बालकांवर झाली; तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर उतरली, पण हिवतापाचे प्रमाण काही कमी झाले नाही.

मालीमधील बांदियागारा येथे आणखी ४०० बालकांवर एएमए-१ या दुसऱ्या प्रथिनाची परीक्षा झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकंदर संरक्षण १७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे योगायोगापासून वेगळे ओळखू न येण्याइतके थोडे होते. मात्र लसीतील प्रथिनाशी तंतोतंत जुळणाऱ्या वाणाच्या परोपजीवीपुरते पाहिले, तेव्हा ते ६४ टक्के भरले. लस नालायक नव्हती. गावातील परोपजीवींपैकी बहुतेक निराळ्या वाणांचे होते. एका परोपजीवीवरून घेतलेले माप दुसऱ्याला बसत नाही, ही गोष्ट बस्तरचा विचार करताना आपल्याला पुन्हा आठवावी लागेल.

७. संरक्षण कसे मोजतात

गावातील परीक्षेत बालकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडतात. एका गटाला हिवतापाची लस, दुसऱ्याला आलर्काच्या लसीसारखी निराळीच उपयुक्त लस देतात. कोणाला काय मिळाले, हे शक्यतो आईबापांना किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. मच्छरदाणी, निदान व औषधे ही दोन्ही गटांना सारखीच मिळतात.

समजा, वर्षभरात तुलनेच्या गटातील १,००० बालकांपैकी ४०० जणांना हिवताप झाला आणि लसीच्या गटातील १,००० पैकी १०० जणांना झाला. लस नसती, तर दुसऱ्या गटातही ४०० जण आजारी पडले असते. त्यांपैकी ३०० वाचले. ४०० च्या मानाने ३०० म्हणजे ७५ टक्के, हीच लसीची परिणामकारकता होय. शंभरांतील पंच्याहत्तर बालके कायमची सुरक्षित झाली, असा तिचा अर्थ नाही. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या कसोटीला आजवर उत्तम उतरलेली पुनःसंयोजित लस म्हणजे ‘आर-२१’. ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेली ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ती परोपजीवीला रक्तात नव्हे, तर यकृतात शिरण्यापूर्वीच गाठते. स्पोरोझॉइटाच्या आवरणातील प्रथिनाचा तुकडा यकृतशोथाच्या ‘ब’ विषाणूच्या प्रथिनाला जोडून ती यीस्टमध्ये घडवितात. तिचे साहाय्यक द्रव्य दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या सालीपासून मिळते. बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया येथील ४,८०० हून अधिक बालकांवर तिची परीक्षा झाली. जेथे हिवताप ठरावीक ऋतूतच येतो, तेथे पहिल्या वर्षी तिची परिणामकारकता ७५ टक्के, तर जेथे तो बारमाही आहे, तेथे ६८ टक्के भरली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट या देशात ती बालकांना नियमितपणे देण्यास प्रारंभ झाला. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली आणि त्यांपैकी ९५ टक्के आफ्रिकेत होती. ही लस प्रथम तेथे का गेली, हे यावरून कळेल.

रक्तावस्थेची वाटही बंद झालेली नाही. आरएच-५ या प्रथिनाच्या लसीने बुर्किना फासोमध्ये ३६१ बालकांवरील परीक्षेत, तिसरी मात्रा लांबवून दिली असता, सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिले. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. अनेक ‘नाही’ ऐकल्यानंतर मिळालेला हा होकार आहे.

८. बस्तरचा प्रश्न

मग आर-२१ उद्याच बस्तरच्या पाड्यांवर का नेऊ नये? २०२५ पर्यंत हिवतापाची कोणतीही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झालेली नव्हती. याचा दोष कोणा एकाच्या माथी मारण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट वाणाची. आफ्रिकेतील परोपजीवीवर उतरलेले माप येथील परोपजीवीला कितपत बसते, हे येथेच तपासले पाहिजे. शिवाय ही लस फाल्सिपेरमपुरतीच आहे. यकृतात महिनोन्‌महिने दडून बसणाऱ्या व्हायव्हॅक्सवर तिचा उपाय चालत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. ज्यांच्या रक्तात परोपजीवी आहे पण ताप नाही, अशी माणसे बस्तरमध्ये पुष्कळ आढळली. त्यांना रोगी म्हणावयाचे की निरोगी? ही व्याख्या परीक्षेच्या आधीच ठरविली नाही, तर शेवटी आलेल्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. शिवाय एक विलक्षण पेच आहे. तपासणी, औषधे व मच्छरदाण्या यांनी हिवताप जसजसा कमी होतो, तसतशी लसीची परीक्षा अवघड होत जाते. १,००० बालकांत ४०० ऐवजी ४ च आजारी पडू लागली, तर ४ आणि १ यांतील फरक लसीचा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही. तेव्हा हजारोंच्या जागी लक्षावधी बालके हवीत. हा पेच संशोधकाला अडचणीचा असला, तरी बालकाला सुखाचाच आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संमतीची. परीक्षेत येणारे बालक कोणाचे तरी मूल असते. त्याच्या आईला गोंडी किंवा हलबी भाषेत, तिला उमजेल अशा शब्दांत, ही लस अजून सिद्ध झालेली नाही, तुमच्या मुलाला कदाचित दुसरीच लस मिळेल, आणि नकार दिला तरी औषधोपचार थांबणार नाही, हे सांगितलेच पाहिजे. न समजता उठविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

समारोप

भारतातील काम थांबलेले नाही. दिल्लीच्या केंद्रातच घडलेल्या, व्हायव्हॅक्सच्या ‘किल्ली’वर आधारलेल्या लसीने ऑक्सफर्ड येथील स्वयंसेवकांच्या रक्तात परोपजीवीच्या वाढीचा वेग जवळजवळ निम्म्याने मंदावल्याचे २०२३ साली दिसून आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या भुवनेश्वर येथील केंद्रात ‘ॲडफाल्सीव्हॅक्स’ ही पुनःसंयोजित लस तयार झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. तिची माणसांवरील परीक्षा तेव्हा व्हावयाची होती. ही लस कशी आहे, असा प्रश्न कोणी केला, तर वर वर्णिलेल्या पायऱ्यांपैकी ती कोणत्या पायरीवर उभी आहे, हे आधी विचारावे. उंदराच्या रक्तातील प्रतिपिंडे, काचपात्रातील निरोध, निरोगी प्रौढांतील निर्धोकपणा आणि गावातील बालकांचा टळलेला ताप ही चार निरनिराळी उत्तरे आहेत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र ती चारही ‘लस सापडली’ या एकाच वाक्यात दडून जातात.

तोपर्यंत रक्ताचा थेंब तपासणारी मितानिन, औषधाची पूर्ण मात्रा आणि रात्री न चुकता बांधलेली मच्छरदाणी यांचे काम सुरूच राहिले पाहिजे. लस आली तरी ती त्यांच्या जोडीला येईल. त्यांची जागा घेणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चुकीच्या रीतीने दुमडलेले प्रथिन लसीसाठी निरुपयोगी का ठरते?

२. जयव्हॅक-१ च्या परीक्षेतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले व कोणत्या प्रश्नाचे मिळाले नाही?

३. तुलनेच्या गटातील ५०० बालकांपैकी १०० आणि लसीच्या गटातील ५०० पैकी ४० बालके आजारी पडली, तर लसीची परिणामकारकता काढा. हीच लस वेगळ्या प्रदेशात तेवढीच परिणामकारक ठरेल काय? कारणे द्या.